पॉमेरियनचा खोकला पाच दिवस थांबतो आणि परत येतो? आधी झोपेतले श्वास मोजा

दिवसा काहीच नाही. जेवते, गेटवर उभी राहून दूधवाल्यावर भुंकते, पोस्टमनचा पाठलाग करते. रात्री दोन-अडीचला मात्र उठून बसते, मान पुढे काढते आणि घशात काटा अडकल्यासारखी खाकरते. शेवटी 'ख्यॅक' करून फरशीवर थोडा पांढरा फेस. घरच्यांना वाटतं उलटी झाली. दवाखान्यात न्यावं, पाच दिवसांच्या गोळ्या आणि कफ सिरप मिळावं, आठवडाभर बरं वाटावं, की पुन्हा तेच.

तुमच्या घरी सात-आठ वर्षांच्या पुढचा पॉमेरियन, शित्झू, डॅशहाउंड, पूडल, माल्टीज, चिवावा किंवा कॅव्हेलियर असेल आणि हे वर्णन ओळखीचं वाटत असेल, तर हा मजकूर तुमच्यासाठीच आहे. आमच्या बर्फीचे असे पाच महिने गेले. रंग संत्रा बर्फीचा म्हणून नाव बर्फी, वय अकरा, वजन ६.२ किलो. (आपल्याकडे ज्याला सरसकट पामेरियन म्हणतात तो बहुतेक वेळा इंडियन स्पिट्झ असतो, अंगाने थोडा मोठा. इथे त्याने काही फरक पडत नाही. हृदयाची झडप गळण्याचा हा आजार मुख्यतः वीस किलोच्या आतल्या कुत्र्यांचा, आणि दोघंही त्यात बसतात.)

त्या पाच महिन्यांत तीन कोर्स झाले. शेजारच्या काकूंनी हळद-मध सुचवलं. वरच्या मजल्यावरच्या दादांचं म्हणणं, "कूलरची हवा लागून राह्यली तिले, कफ झाला असन." आम्हालाही तसंच वाटत होतं, कारण दर कोर्सनंतर थोडा फरक पडायचा. दवाखान्याच्या टेबलावर ती इतकी हापायची आणि गुरगुरायची, की छातीला स्टेथोस्कोप नीट लागतच नसे. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी, हे पाच महिन्यांनी कळलं.

दुसऱ्या डॉक्टरांनी वेगळं काहीच केलं नाही. फक्त वेळ घेतला. पंखा बंद केला, तिला माझ्याच मांडीवर राहू दिलं, दोन-तीन सेकंद तिचं तोंड हलकेच मिटून धरायला सांगितलं म्हणजे हापण्याचा आवाज मध्ये येणार नाही, आणि डाव्या कोपराच्या मागे, अगदी खाली, स्टेथोस्कोप ठेवला. मग मलाच ऐकायला दिला. लब-डब असं दोन ठोक्यांत यायला हवं ते येतच नव्हतं. शूऽप, शूऽप, शूऽप. "मर्मर आहे, हृदयाचा जादा आवाज. सहा पायऱ्यांपैकी चौथी," ते म्हणाले.

बिघाड नेमका कुठे असतो

ज्यांच्या घरी विहिरीवर मोटर आहे त्यांना एका वाक्यात कळेल: फूटव्हॉल्व्ह लीक आहे. मोटर चालू, आवाज जोरात, पण पाणी वर कमी आणि खाली परत जास्त. हृदयाच्या डाव्या बाजूला वरचा कप्पा आणि खालचा कप्पा यांच्यामध्ये मायट्रल नावाची झडप असते. लहान जातींत वयाबरोबर या झडपेच्या पाकळ्या जाड, गाठाळ होतात आणि नीट मिटत नाहीत. खालचा कप्पा आकुंचन पावला की थोडं रक्त पुढे महाधमनीत जातं, थोडं उलटं वरच्या कप्प्यात. तो जो शूऽप आवाज, तो या उलट्या धारेचा.

कुत्र्यांना पुढच्या वयात होणाऱ्या हृदयविकारांत सर्वांत जास्त आढळतो तो हाच, सुमारे पाऊण हिस्सा. माणसांसारखा कोलेस्टेरॉलने रक्तवाहिनी बंद होऊन येणारा हार्ट अटॅक कुत्र्यांत जवळपास नसतोच. म्हणून "तुपाची पोळी दिली म्हणून झालं का?" हा आईचा प्रश्न मी तिथेच मिटवून टाकला. पाकळ्या जाड होण्यात जातीचा, वंशाचा हात मोठा. कॅव्हेलियरमध्ये तर हा फार लवकर दिसतो. नरांत मादीपेक्षा थोडा जास्त.

आता खोकल्याकडे या, कारण सगळा घोळ इथेच होतो. उलट येणाऱ्या रक्ताने वरचा कप्पा फुगत जातो. त्याच्या अगदी वरून डाव्या फुप्फुसाची श्वासनलिका जाते, आणि फुगलेला कप्पा तिला खालून ढोसतो. त्यातून एक कोरडा खोकला येतो. पुढे दाब आणखी वाढला की फुप्फुसातल्या बारीक रक्तवाहिन्यांतून पाणी झिरपू लागतं. खरं संकट ते. याशिवाय लहान जातींत श्वासनलिकेची कडी सैल होऊन ती चपटी पडण्याचा आजारही सर्रास असतो. त्याचा खोकला बदकासारखा, हॉन्क-हॉन्क. पट्टा ओढला, पाहुणा आला, पाणी प्याली की सुरू. एकाच कुत्र्यात ही तिन्ही कारणं एकत्र नांदू शकतात. बर्फीत पहिली आणि तिसरी होती.

यामुळे खोकला हे मोजमाप म्हणून निकामी आहे. पाणी भरलं नसतानाही तो रोज येईल, आणि पाणी भरलेल्या काही कुत्र्यांना खोकला येणारच नाही. मी पाच महिने रात्रीचे खोकले मोजत बसलो होतो.

मोजायचं ते हे

कुत्रं गाढ झोपलेलं असताना मिनिटाला श्वास किती. छाती वर गेली आणि खाली आली, की एक. मोबाइलवर तीस सेकंद लावा, मोजा, दुप्पट करा. हृदयाचा आजार असलेल्या पण आटोक्यात असलेल्या कुत्र्यातही हा आकडा ३० च्या आत राहतो, बहुतेकांचा त्याच्याही बराच खाली.

सोपं वाटतं, पण पहिल्या आठवड्यात मी हे चारदा चुकीचं केलं.

पहिल्यांदा ती डोळे मिटून पडली होती, झोपली नव्हती. मी जवळ गेलो की कान हलायचा आणि श्वास वाढायचा. आता मी लांबून, दाराच्या चौकटीतून मोजतो. दुसऱ्यांदा ती स्वप्नात होती. पंजे थरथरत होते, मिशा हलत होत्या, श्वास सशासारखा. ५२ आला आणि मी घाबरून डॉक्टरांना फोन लावला. अशा वेळी पाच मिनिटं थांबायचं. तिसऱ्यांदा जीभ बाहेर होती. जीभ बाहेर असताना तो श्वास अंग गार करण्यासाठी असतो, त्याची मोजदाद करण्यात अर्थ नाही. चौथी चूक खास नागपुरी: एप्रिलच्या दुपारी, लाईन गेलेली असताना, तापलेल्या खोलीत मोजलं. खोली गार असताना, पहाटे किंवा रात्री उशिरा, हीच योग्य वेळ. केसाळ पॉममध्ये छाती हललेली कळत नसेल तर बरगडीच्या मागचा भाग बघा, तिथे केसांचं टोक हलताना दिसतं.

आकडा कालनिर्णयच्या त्या दिवसाच्या चौकटीत लिहून ठेवा. अॅप असतात, पण भिंतीवरचं आईलाही दिसतं आणि तीही लिहू शकते. पहिले आठ-दहा दिवस रोज मोजलं की तुमच्या कुत्र्याचा नेहमीचा आकडा कळतो. बर्फीचा १८ ते २२.

मग नियम असा. दोन-तीनदा मोजूनही ३० च्या वर येत असेल, तर त्याच दिवशी डॉक्टरांना फोन. ४० च्या वर असेल, किंवा प्रत्येक श्वासाला पोट आत ओढलं जात असेल, तर फोन गाडीत बसून करायचा. एक मधली गोष्टही लक्षात ठेवा: १८ वरून चार दिवसांत हळूहळू २७ झाला, तर तो ३० च्या आत आहे म्हणून निवांत बसू नका. चढ दिसतोय, तेवढं कळवण्यासाठी पुरे.

कोणती तपासणी कशासाठी

स्टेथोस्कोपने आवाज कळतो, हृदय किती फुगलंय ते कळत नाही. त्यासाठी छातीचा एक्स-रे आणि शक्य असेल तर इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी. एक्स-रेत हृदयाच्या लांबी-रुंदीची बेरीज त्याच कुत्र्याच्या मणक्यांशी ताडून बघतात. साडेदहा मणक्यांच्या वर गेली की मोठं मानतात, जातीनुसार हे थोडं मागेपुढे होतं. फुप्फुसात पाणी आहे का, श्वासनलिका चपटी आहे का, हेही त्याच फिल्मवर दिसतं, म्हणून खोकल्याच्या केसमध्ये एक्स-रे टाळू नये. इकोमध्ये डावा वरचा कप्पा आणि महाधमनी यांच्या मापाचं प्रमाण काढतात, १.६ किंवा त्याहून जास्त म्हणजे कप्पा फुगला आहे.

नागपुरात असताना एक सोय अशी, की सेमिनरी हिल्सला पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे, १९५८ पासूनचं. खाजगी दवाखानेही बरेच. पण प्रत्येक ठिकाणी कुत्र्याचा इको रोज होईलच असं धरून रिक्षा करू नका. आधी फोन करून दिवस विचारा, आणि जुन्या एक्स-रेचे फोटो मोबाइलमध्ये ठेवा. इकोसाठी भूल लागत नाही. छातीचे केस थोडे काढतात, कुत्र्याला कुशीवर धरून ठेवावं लागतं, इतकंच.

रिपोर्टवर बी-१, बी-२, सी अशी अक्षरं दिसतील. अमेरिकेतल्या पशुवैद्यक तज्ज्ञांच्या संघटनेने २००९ मध्ये ही मांडणी केली, २०१९ मध्ये सुधारली, आणि आता ती सगळीकडे चालते. ए म्हणजे जात धोक्याची, पण आवाज नाही. बी-१ म्हणजे आवाज आहे, हृदय फुगलेलं नाही. इथे औषध लागत नाही. सहा महिने-वर्षाने पुन्हा बघायचं. घाबरून कोणाच्या सांगण्यावरून गोळ्या सुरू करू नका, कारण बी-१ मधली पुष्कळ कुत्री म्हातारी होऊन दुसऱ्याच कशाने जातात. बी-२ म्हणजे हृदय फुगलंय, पण पाणी भरलेलं नाही. सी म्हणजे पाणी भरलंय किंवा कधीतरी भरलं होतं. डी म्हणजे नेहमीच्या औषधांना दाद देत नाही.

बी-१ आणि बी-२ मधला फरक कागदी नाही. बी-२ ला पिमोबेंडन नावाची गोळी सुरू करतात. ती हृदयाच्या आकुंचनाला जोर देते आणि पुढच्या रक्तवाहिन्या सैल करते, म्हणजे रक्त उलटं जाण्यापेक्षा पुढे जातं. २०१६ मध्ये एपिक नावाचा अभ्यास प्रसिद्ध झाला, ३६० कुत्र्यांचा. ही गोळी मिळालेल्यांत पाणी भरेपर्यंतचा किंवा हृदयाने दगावेपर्यंतचा मध्यक काळ १२२८ दिवस, न मिळालेल्यांत ७६६. साधारण पंधरा महिन्यांचा फरक. सहा किलोच्या, अकरा वर्षांच्या जीवाला पंधरा महिने म्हणजे किती, हे ज्याच्या घरी आहे त्याला विचारा.

झडप मात्र गोळीने दुरुस्त होत नाही. ती उघडून शिवण्याची शस्त्रक्रिया जगात मोजक्या ठिकाणी होते, जपान त्यात पुढे. आपल्याला गोळ्यांवरच निभवायचं आहे.

औषध चालू आहे, तरी पुन्हा पाणी का भरलं?

आमचं बी-२ वर निदान झालं मार्चमध्ये. मेमध्ये पहिल्यांदा पाणी भरलं, म्हणजे सी. त्यानंतर घरात चार औषधं आली: पिमोबेंडन, पाणी काढणारं फ्युरोसेमाइड, बेनाझेप्रिल आणि स्पायरोनोलॅक्टोन. तरी वर्षभरात आकडा पाच वेळा ३० च्या वर गेला. दर वेळी कारण वेगळं निघालं, आणि आजार वाढला हे त्यातलं एकदाच होतं. म्हणून आकडा चढला की "आता संपलं" म्हणण्याआधी ही झाडाझडती घ्या. अर्थात डॉक्टरांना फोन लावून झाल्यावर.

गोळी खरंच पोटात गेली का. आमच्याकडे दोन दिवसांच्या गोळ्या सोफ्याखाली सापडल्या. बर्फी गोळी गालात धरते, शेपूट हलवते, पाठ फिरली की टाकते. आई म्हणाली, "मी तर डोळ्यांदेखत देऊन राह्यली होती." आई देत होतीच, बर्फी गिळत नव्हती. गोळी दिल्यावर सिरिंजने दोन-तीन मिली पाणी गालाच्या कडेने सोडा आणि गिळलेलं बघा. पिमोबेंडन जेवणाच्या साधारण तासभर आधी, पोट रिकामं असताना चांगलं लागू पडतं; दोन डोसांत बारा तासांचं अंतर. आमच्याकडे सकाळचा सहाला आणि दुसरा "संध्याकाळी" म्हणजे कधी चारला, कधी नऊला चालला होता. चुकलेला डोस भरून काढायला पुढच्या वेळी दुप्पट देऊ नका. आणखी एक: ही गोळी प्रत्येक मेडिकलमध्ये मिळत नाही. डब्यात शेवटचे दहा दिवस उरले की मागवायची. रविवारी संपली तर सोमवारची वाट बघण्यात आकडा चढतो.

मीठ कुठून गेलं. जून महिन्यातला आमचा झटका हा. आईने गोळ्या चीजच्या तुकड्यात घालायला सुरुवात केली होती; दिवसाला चार औषधं, दोन वेळा, म्हणजे आठ तुकडे. वर रविवारी तर्री-पोह्यातले पोहे "फक्त वरचे वरचे". सोडियमने शरीरात पाणी साठतं आणि आपण तेच गोळीने काढतोय. चीज, ब्रेड, टोस्ट, खारी, चिवडा, पापड, सांबारवडी, सावजीच्या रश्श्यातलं धुऊन दिलेलं मटण (धुतल्याने मीठ जात नाही), हे बंद. गोळी लपवायला उकडलेलं रताळं, केळ्याचा चतकोर किंवा घरी फाडलेल्या दुधाचं बिनमिठाचं पनीर चालतं. पण म्हणून जेवणच अळणी करून टाकू नका की ती खायचंच सोडेल. या आजारात मांस झडतं, बरगड्या आणि पाठीचा कणा हाताला लागू लागतो. खाणं बंद पडणं मिठाइतकंच वाईट.

पाण्याचं भांडं कोणी उचललं. हे मला सर्वांत महत्त्वाचं वाटतं, कारण चूक प्रेमापोटी होते. फ्युरोसेमाइडने तहान लागते, लघवी वाढते. बर्फी दहा वर्षांत पहिल्यांदा देवघरासमोर मुतली. बायकोने रात्री आठनंतर भांडं उचलायला सुरुवात केली. तिसऱ्या दिवशी बर्फी मलूल, नाक कोरडं, जेवणाला तोंड लावेना. रक्त तपासलं तर क्रिएटिनिन, म्हणजे किडनीवरचा ताण दाखवणारा आकडा, चढलेलं. हे औषध चालू असताना पाणी कधीही तोडायचं नाही. वर्तमानपत्र अंथरा, रात्री अकराला आणि पहाटे पाचला बाहेर न्या, दाराशी जुनी चादर टाका. आणि डोस सुरू झाल्यावर किंवा वाढवल्यावर आठवडा-दोन आठवड्यांत किडनी आणि पोटॅशियम तपासायला सांगितलं असेल तर ते टाळू नका. "आता बरी दिसते, कशाला टोचायचं" म्हणून आम्ही टाळलं होतं.

वजन. सहामाही इको करतो पण दर महिन्याला वजन कोण करतं? बर्फी ६.२ वरून ५.४ वर आली होती आणि पोट मात्र गोल दिसत होतं. आम्ही म्हणालो, जाडी होतेय. पाठीवर मांस नाही आणि पोट ताठ, ही जाडी नसते. उजव्या बाजूवर ताण आला की पोटात पाणी साठतं. घरच्या वजनकाट्यावर आधी आपण उभं राहायचं, मग तिला घेऊन, आणि वजाबाकी.

ऊन. नागपूरकराला उन्हाचं काय सांगायचं. २३ मे २०१३ ला इथे ४७.९ अंश नोंदले गेले आहेत. कुत्र्याला घाम जवळपास नाही. हापून, जिभेवरचं पाणी उडवूनच ते गार होतं, आणि त्या हापण्याचं काम हृदयावर पडतं. आमचा मेमधला पहिला झटका आला तेव्हा लाईन दोन तास नव्हती. तेव्हापासून लाईन गेली की ओला टॉवेल फरशीवर, त्यावर बर्फी, आणि हाताने पंखा. टॉवेल अंगावर गुंडाळून ठेवायचा नाही, आत वाफ धरते. फिरणं सकाळी सहाच्या आत, रात्री नऊनंतर. आणि जून-जुलैत पाऊस पडून हवा दमट झाली की कूलर बंद करा. कोरड्या मेमध्ये तो देव आहे. दमट हवेत तो खोलीतला दमटपणाच वाढवतो आणि हापूनही कुत्रं गार होत नाही. त्या दिवसांत नुसता पंखा आणि उघडी खिडकी, किंवा एसी असेल तर एसी.

दुसऱ्या आजाराचं औषध. तुमचे नेहमीचे डॉक्टर गावाला गेले आणि जुलाबासाठी दुसरीकडे नेलं, तर टेबलावर ठेवण्याआधी पहिलं वाक्य हे असू द्या: "ही हार्ट पेशंट आहे, या गोळ्या चालू आहेत." अशक्तपणा दिसला की सलाईन लावायची पद्धत आपल्याकडे पक्की आहे. पाणी भरण्याच्या बेतात असलेल्या कुत्र्याला भराभर सलाईन म्हणजे काय, हे फूटव्हॉल्व्हवाल्यांना सांगायला नको. दात साफ करण्यासाठी भूल द्यायची असेल तरी तेच वाक्य. माणसांच्या डब्यातली पॅरासिटामॉल, आयब्युप्रोफेन स्वतःच्या मनाने मुळीच नको; फ्युरोसेमाइडबरोबर आयब्युप्रोफेन म्हणजे किडनीवर दुहेरी घाला.

खोकला आहे, आकडा चढलेला नाही. ही झाडाझडतीतली उलटी बाजू. ऑगस्टमध्ये, पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, मारबतीची मिरवणूक आणि ढोल ऐकून बर्फी तासभर भुंकली आणि मग रात्रभर हॉन्क-हॉन्क. आम्ही घाबरून पाण्याची जादा गोळी द्यायला निघालो होतो. मोजले तर २०. म्हणजे फुप्फुस कोरडं, चपटी श्वासनलिका चिडलेली. त्यावर पाण्याची गोळी देऊन उपयोग शून्य, किडनीला त्रास मात्र. डॉक्टरांनी वेगळं खोकल्याचं औषध दिलं, आणि गळ्यातला पट्टा काढून छातीचा हार्नेस घ्यायला लावला. उदबत्तीही देवघरापुरती ठेवून दार लावायला सुरुवात केली. इतका खोकला त्यानंतर पुन्हा झाला नाही. हार्नेसची गोष्ट मी ती तीन वर्षांची असतानाच करायला हवी होती.

भोवळ. एकदा गेटवर भुंकता भुंकता ती आडवी पडली, पाय ताठ, आणि अर्ध्या मिनिटात उठून इकडेतिकडे बघू लागली जसं काही घडलंच नाही. फिट आणि भोवळ यांत घोटाळा होतो. भोवळ बहुधा उत्साहात, खोकताना किंवा पळताना येते आणि लगेच सावरते; फिटमध्ये पाय मारणं, लाळ आणि नंतर बराच वेळ भांबावलेपण. हातात फोन असेल तर व्हिडिओ काढा, डॉक्टरांना शंभर शब्दांपेक्षा तो उपयोगी. भोवळीमागे ठोक्यांचा ताल बिघडणं किंवा फुप्फुसाच्या रक्तवाहिन्यांतला दाब वाढणं असू शकतं, आणि त्यांची औषधं वेगळी आहेत.

ती रात्र

एकदाच सांगतो. कोपर बाहेर फाकवून बसलेली, मान ताणलेली, आडवं व्हायला तयार नाही. हिरड्या गुलाबीच्या राखाडी-निळसर. नाकाशी गुलाबी फेस. असं दिसलं तर मोजत बसू नका. झडपेला धरून ठेवणारा एखादा दोरा तुटला तर काल ठीक असलेलं कुत्रं तासाभरात या अवस्थेला येतं. उचलताना छातीखाली दाब देऊ नका, चारही पायांवर, आहे त्या बैठकीत उचला. तोंडात पाणी, मध, काहीही घालू नका. गाडीची काच उघडी किंवा एसी सुरू, मांडीवर घट्ट आवळून नाही. ऑक्सिजन आणि शिरेतून फ्युरोसेमाइड, हे दवाखान्यातच मिळतं.

त्यासाठी दोन गोष्टी आज दुपारी करून ठेवा. रात्री दोनला कोणता दवाखाना खरोखर उघडा असतो आणि तिथे ऑक्सिजन आहे का, हे फोन करून विचारा. पाटीवर चोवीस तास लिहिलेल्या एका ठिकाणी आम्ही शटर वाजवत उभे होतो. आणि तुमच्या डॉक्टरांना विचारून ठेवा: "रात्री आकडा ४० झाला आणि निघायला वेळ लागला, तर पाण्याची जादा गोळी किती द्यायची?" हे उत्तर प्रत्येक कुत्र्याचं वेगळं. आमच्या फ्रिजवर ते त्यांच्याच अक्षरात, तारीख घालून चिकटवलेलं आहे. माझ्याकडचा आकडा तुमच्या कुत्र्याला लावू नका, म्हणून इथे लिहीत नाही.

काल रात्री दोन वाजून दहा मिनिटांनी बर्फी उठली, मान पुढे काढली आणि खाकरली. आई आतून म्हणाली, "बघ रे तिले." मी दाराशी उभा राहिलो, ती परत झोपेपर्यंत थांबलो, तीस सेकंद लावले. अकरा. चौकटीत २२ लिहिलं, दिवा घालवला.